उरलेली टिकटिक

“आवाज कुठनं येतोय ते मी बगतो. कवा येतोय तेवढं तुमी सांगा.”

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, एका लेथच्या दुकानाला खेटून असलेल्या अरुंद गॅरेजात मिस्त्रीमामा मला पहिल्यांदा हे म्हणाले. बॉनेट अजून उघडलंही नव्हतं. मी घाईघाईनं डावीकडे, उजवीकडे, फॅनच्या मागे असं बोट दाखवत होतो. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि एकेक विचारायला सुरुवात केली. सकाळी थंडीत चालू केल्यावर जास्त येतो, की गरम झाल्यावर? स्लोवर येतो, की रेस दिल्यावर? चढाला इंजिन ओढत असताना वाढतो, की तेवढाच राहतो? मागच्या खेपेला ऑइल बदललं तेव्हा काही फरक पडला का?

शेवटच्या प्रश्नाशी मी थांबलो, कारण फरक पडला होता. आधीच्या एका गॅरेजात ‘जरा जाड ऑइल टाकू, आवाज बसेल’ म्हणून सांगितलं होतं आणि आवाज खरोखरच बसला होता. पंधरा दिवस. मग तो परत आला, आणि या वेळी जास्त टोकदार होऊन आला. मामा हे ऐकून हसले नाहीत की त्या गॅरेजवाल्याला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाले, “म्हंजे फट कुठंतरी हाय. ऑइलनं ती भरून काढली हुती.”

बॉनेटला हात लावण्याआधीच निदानाचं निम्मं काम झालेलं होतं, हे मला फार नंतर उमगलं. त्या दिवशीचं त्यांचं सगळं काम आठवलं की मला एखाद्या चांगल्या समीक्षकाची आठवण होते. कवितेत काय आहे हे सांगायच्या आधी ती कशी वाचायची हे तो ठरवतो. आवाजाच्या जागेपेक्षा त्याची वेळ आधी विचारणं हा तसाच निर्णय होता. इंजिन म्हणजे लोखंडाची एक अखंड पेटी. एका कोपऱ्यातला टोला दुसऱ्या कोपऱ्यातून ऐकू येतो, त्यामुळे जागेवर लगेच विश्वास ठेवता येत नाही. वेळ मात्र सहसा फसवत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली ती शब्दाची. “टिकटिक म्हणताय का टकटक?”

या कामात मराठीची फार मोठी मदत होते, आणि ती वर्कशॉपमध्ये उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आपल्याकडे आवाजांसाठी जोडशब्दांचा केवढा साठा आहे, आणि मिस्त्री लोक तो किती काटेकोरपणे वापरतात! जड, खोलवरून येणारी, गाडी ओढताना वाढणारी ती ठकठक. ती ऐकली की मामा इंजिन ताबडतोब बंद करायला सांगतात, कारण ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग असतं आणि तिथे उशीर परवडत नाही. समोरच्या बाजूने येणारी, वेग सोडताना सैल पडणारी ती खळखळ, म्हणजे टायमिंग चेन. ओल्या दोरीसारखी कुरकुर असेल तर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. चटचट वेगळी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं की प्रत्येक स्फोटाबरोबर वायू फटीतून निसटतो आणि थेट टॅपेटसारखा, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेसारखा, वाजतो. पण हा आवाज थंड इंजिनात मोठा असतो आणि धातू तापून फुगला, फट मिटली की उतरतो. शिवाय फटीच्या जागी काजळीचा काळा पिसारा उमटलेला असतो. आणि टिकटिक म्हणजे हलकी, कोरडी, वरच्या बाजूची. टाइपरायटरवर कुणी एकच अक्षर बडवत बसावं तशी.

माझ्या गाडीचा आवाज गरम झाल्यावर उलट जास्त स्वच्छ ऐकू येत होता, कारण तापल्यावर ऑइल पातळ होतं. चढावर तो वाढत नव्हता. म्हणजे मॅनिफोल्ड नाही, बेअरिंग नाही. “टिकटिकच हाय,” मामा म्हणाले, आणि मग बॉनेट उघडलं.

गाडी प्रीमिअर पद्मिनी. वडिलांची. तिच्या इंजिनाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण ज्या कलाकृतीचं रसग्रहण चाललंय ती हीच. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, चार सिलिंडर, १०८९ सीसी. याच मापांचं इंजिन फियाटनं १९३७ साली आपल्या ११०० गाडीत घातलं होतं. कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना उभा केला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या कंपनीनं. तिथे १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, पुढे तिचीच पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा बनली. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींमधून बाद झाली. एवढ्या लाखो किलोमीटरच्या प्रवासात त्या मापांचं जे इंजिन धडधडत होतं, त्यात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, वर हेडवर रॉकरची रांग आणि दोघांच्या मध्ये लांब पुशरॉड अशी रचना आहे. कॅमनं पुशरॉड वर ढकलायचा, पुशरॉडनं रॉकरचं एक टोक उचलायचं, दुसऱ्या टोकानं वॉल्व्ह खाली दाबायचा. सी-सॉच आहे तो. आणि या साखळीत कुठेतरी मुद्दाम ठेवलेली एक बारीक फट.

मामांनी इंजिन स्लोवर ठेवलं आणि लांब स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. लाकडी मुठीचा, दांडा फूटभर. मूठ कानाच्या हाडाला टेकवली आणि टोक एकेका जागी ठेवत गेले. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरानं कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून पुढे लाकडी नळीचा स्टेथोस्कोप झाला. त्याचा आणि या स्क्रू-ड्रायव्हरचा काही संबंध नाही, पण तत्त्व तेच. हवेतून येणारा आवाज चारही बाजूंनी येतो, घन पदार्थातून मात्र तुम्ही टोक ठेवाल तिथला आवाज सगळ्यांत स्पष्ट येतो.

पहिलं टोक ठेवलं पेट्रोल पंपावर. हे मला फार आवडलं. कारण हा पंपही कॅमशाफ्टवरच चालतो, त्याच्या लिव्हरची स्प्रिंग थकली की तोसुद्धा अगदी टॅपेटच्याच चालीनं वाजतो. ताल एकच, वाजवणारा वेगळा. शंका घ्यायची तर अशी जवळच्या नातेवाइकाची आधी घ्यावी. पंप निर्दोष निघाला. मग ब्लॉकच्या खालच्या बाजूला. तिथे गडगड होती, पण टोला नव्हता. खात्रीसाठी रबरी पकडीनं एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहिली. त्या सिलिंडरचा जोर गेला, इंजिन अडखळलं, टिकटिक मात्र जशीच्या तशी. बेअरिंगचा आवाज असता तर ओझं कमी झाल्याबरोबर तो बदलला असता. (आजच्या गाड्यांत हे घरी करून बघू नये. कॉइल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्हींना ते मानवत नाही.)

चालीबद्दल थोडं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे स्लोवर ८०० फेरे धरले तर एकेक वॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, सेकंदाला सहा-सात वेळा. क्रँकवर बसलेली कोणतीही खोड याच्या दुप्पट वेगानं वाजते. ज्याचा कान तयार नाही त्यानं टायमिंग लाइट एक नंबरच्या प्लगला लावावा. तो दोन फेऱ्यांत एकदाच लकाकतो. लकाकणं आणि टिकटिक हातात हात घालून चालत असतील तर आवाज कॅमच्या घरचा. मामांना याची गरज नव्हती. ते बोटानं मडगार्डवर ठेका धरून उभे होते आणि त्यांचं बोट आणि आवाज एकाच जागी पडत होते. मी तेव्हा इंजिनाकडे बघायचं सोडून त्या बोटाकडेच बघत राहिलो.

मग टॅपेट कव्हर काढलं. आणि या कामातला मला सगळ्यांत सुंदर वाटलेला भाग इथे सुरू झाला.

कव्हर नसताना इंजिन पुन्हा चालू केलं, अगदी मंद. आठ रॉकर नाचताना दिसू लागले, ऑइलचे बारीक थेंब उडू लागले. मामांनी फट मोजायचा फिलर गेज उघडला, त्यातलं एक पातळ पातं निवडलं आणि चालत्या इंजिनात, पहिल्या रॉकरचं टोक आणि वॉल्व्हचा दांडा यांच्या मधल्या फटीत, ते हळूच सरकवलं. काही झालं नाही. दुसऱ्या फटीत सरकवलं. तेच. तिसऱ्या, चौथ्या... आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्टपाशी पातं आत गेलं आणि टिकटिक गेली.

गेली म्हणजे खरोखर गेली. इतक्या आवाजांतून एकच आवाज कुणी उचलून बाजूला ठेवावा तशी. बाकी सात टॅपेट आपापल्या परीनं बोलतच होते, आणि आता ते मला पहिल्यांदा ऐकू आले, समान, हलके, एकमेकांत मिसळलेले. मामांनी पातं काढलं, टिकटिक परत आली. पुन्हा घातलं, गेली. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त भुवई उंचावली. ज्या आवाजानं माझी झोप उडवली होती, तो दहा बोटं लांबीच्या एका पोलादी पट्टीनं इतक्या सहज बंद होऊ शकतो, हे बघून मी क्षणभर बोललोच नाही. निदानातली खात्री याहून जास्त कशानं येणार? संशयिताला पकडलं, गुन्हा थांबला. सोडलं, पुन्हा सुरू.

इथे कुणालाही वाटेल की आता काय राहिलं, फट कमी करा, झालं. मामांनी इंजिन बंद केलं, तो वॉल्व्ह पूर्ण मिटलेला असेल अशा जागी आणला आणि फट मोजली. फट बरोबर होती. पुस्तकाप्रमाणे. पातं हवं तितकं घट्ट जात होतं.

फट बरोबर असेल तर टिकटिक कशाची, हे कळायला आधी फट कशासाठी असते ते समजून घ्यावं लागतं. वॉल्व्ह तापतो. एक्झॉस्टच्या वॉल्व्हची तबकडी तर जोरात चालताना सहाशे-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत जाते. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा सरासरी चारशे अंशांनी तापला, तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर लांबतो. हेड आणि ब्लॉकसुद्धा तापून वाढतात म्हणून यातला बराच फरक मिटतो, पण सगळा मिटत नाही. उरलेल्या वाढीला जागा हवी. ती जागा म्हणजे ही फट. ती ठेवली नाही तर तापलेला वॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण बसत नाही, किंचित उघडा राहतो. आणि वॉल्व्ह मिटलेला असताना आपली बहुतेक उष्णता त्या सीटलाच देत असतो. बसणंच बंद झालं की उष्णता जायला वाट राहत नाही, स्फोटाचा जाळ त्या फटीतून शिट्टीसारखा निसटतो आणि वॉल्व्हची कड जळून जाते. एक्झॉस्टला फट जास्त ठेवतात ती यासाठी, इनलेटला गार मिश्रण थंड करत असतं.

म्हणूनच जुने मिस्त्री पूर्ण गप्प टॅपेटला घाबरतात. मामा याबाबतीत अगदी कडक आहेत. “वाजतोय त्याचं मला टेन्शन न्हाई. जो वाजायचा बंद झाला त्याचं हाय,” असं ते म्हणतात. गाडी विकायला काढलेले लोक टॅपेट इतके आवळून आणतात की इंजिन शिवणयंत्रासारखं शांत वाटतं. घेणारा खूश होतो, आणि काही हजार किलोमीटरांनी हेड उतरवायची वेळ येते. या घातक शांततेबद्दल बोलताना मामांच्या आवाजात खरा राग असतो.

फट असेल तर टोला पडणारच, कारण रॉकर आधी फट ओलांडणार आणि मग वॉल्व्हला भिडणार. मग चांगल्या इंजिनात तो टोला इतका मऊ का असतो? याचं उत्तर कॅमच्या आकारात लपलेलं आहे, आणि ते कळल्यापासून मी त्या आकाराच्या प्रेमात आहे. कॅमचा पाया गोल असतो आणि एका बाजूला टेकाड असतं. पण गोलाई संपून टेकाड सुरू होतं तिथे आखणी करणाऱ्यानं एक अगदी सौम्य चढण ठेवलेली असते. घाट सुरू व्हायच्या आधी रस्ता हळूहळू उचलत नेतात, गाडीला पहिल्याच वळणाला दमवत नाहीत, तशी. ठरवलेली फट या सौम्य चढणीवरच संपते. रॉकर वॉल्व्हला भिडतो तो चालत चालत, धावत येऊन नाही. मिटताना पलीकडच्या बाजूलाही तशीच उतरण, म्हणजे वॉल्व्ह सीटवर आपटत नाही, टेकतो. फट वाढली की चढण कमी पडते. रॉकर भिडतो तेव्हा कॅमचा खडा चढ सुरू झालेला असतो आणि त्याला वेग आलेला असतो. मग तो हातोडीसारखा लागतो. हलकी टिकटिक ही त्या सौम्य चढणीची खूण आहे आणि खटखट म्हणजे चढण हुकल्याची. एका मिलिमीटरच्या काही शतांशांत हा फरक मावतो. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी.

आता तीन नंबरच्या एक्झॉस्टकडे परत. फट बरोबर, आवाज मात्र फट वाढल्याचा. मामांनी रॉकरचं टोक बोटानं खालून चाचपलं, मग मला चाचपायला लावलं. रॉकरच्या गुळगुळीत तोंडावर मधोमध एक उथळ खळगी होती. वर्षानुवर्षं वॉल्व्हचा दांडा एकाच जागी घासून झालेली, नखाला जेमतेम लागेल एवढी. फिलरचं पातं रुंद असतं, सपाट असतं. ते खळगीत शिरत नाही, तिच्या दोन काठांवर पुलासारखं टेकतं. म्हणजे ते मोजत होतं काठापासूनचं अंतर, आणि इंजिन चालताना वॉल्व्हचा दांडा मात्र खळगीच्या तळाला जाऊन भिडत होता. मोजलेली फट बरोबर, खरी फट जास्त. पात्यानं खोटं सांगितलं नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीच्या जागेचा होता.

इथे दोन वाटा होत्या. एक कामचलाऊ: पातं बाजूला ठेवायचं, फट आधी पूर्ण मिटवायची आणि मग अॅडजस्टिंग स्क्रू किती फिरवायचा त्याचा हिशोब आट्यांवरून करायचा. आट्यांचा पिच एक मिलिमीटर असेल तर पूर्ण फेऱ्याला एक मिलिमीटर, म्हणजे दहा अंशांना सुमारे ०.०३. रॉकरच्या दोन बाजूंच्या लांबीचा फरक वेगळा धरायचा. हिशोब सुरेख आहे, वाटेत गाडी अडकली तर मी तोच करीन. पण खळगी तशीच राहणार. मामांनी दुसरी वाट घेतली. रॉकर शाफ्टच उतरवला.

आणि शाफ्ट उतरवल्यावर मूळ कारण सापडलं. रॉकरांना ऑइल पुरवणाऱ्या शाफ्टच्या आतल्या भोकांत काळा चिकट गाळ बसला होता. तीन नंबरच्या एक्झॉस्टसमोरचं भोक तर जवळजवळ बुजलेलं. तो रॉकर अर्धपोटी चालत होता, म्हणून त्याचंच तोंड सगळ्यांत जास्त झिजलं. गाळ का झाला, तर गाडी वर्षानुवर्षं फक्त मंडईपर्यंत आणि परत एवढीच जात होती. इंजिन पुरतं तापतच नव्हतं. आतला दमटपणा उडून जायचा तो ऑइलमध्ये मुरत होता. वडिलांनी शेवटच्या वर्षांत गाडी जपली ती अशी, रोज थोडी, सांभाळून. या जपण्यानंच ती आतून कोरडी पडली, हे कळल्यावर मी थोडा वेळ गॅरेजच्या दारात जाऊन उभा राहिलो.

शेजारच्या लेथवाल्यानं दोन-तीन रॉकरांची तोंडं घासून दिली. तेही साधं काम नव्हे. तोंडाची गोलाई राखायची, कारण त्या गोलाईमुळेच रॉकर वॉल्व्हच्या डोक्यावर सरकत नाही, लोळतो. आणि कडक केलेला थर पातळ असतो, तो घासून संपला की उरलेलं लोखंड मेणासारखं झिजतं. शाफ्टची भोकं तारेनं आणि रॉकेलनं मोकळी केली, फुंकून पलीकडचा उजेड दिसतोय का ते पाहिलं. ऑइल बदललं, साधं नेहमीच्या जाडीचं.

टॅपेट लावायचं काम मामांनी स्वतः केलं, पोराच्या हाती दिलं नाही. फायरिंगचा क्रम १-३-४-२. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पोरगा मागून इंच इंच ढकलत होता. चार नंबरचे दोन वॉल्व्ह एकमेकांना निरोप देतात, एक मिटत असतो आणि दुसरा उघडायला लागतो, त्या क्षणी एक नंबरचे दोन्ही वॉल्व्ह पुरते मिटलेले असतात. “थांब,” मामा म्हणायचे. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, दुसऱ्यात चेक नटचा रिंग पाना, पातं दाताखाली नाही तर करंगळीत अडकवलेलं. स्क्रू फिरवायचा, पातं ओढायचं. किती घट्ट हवं हे मी विचारलं तर त्यांनी पातं माझ्याच हातात दिलं. लहानपणी वहीत मोरपीस ठेवून वही मिटायची आणि मग देठाला धरून ते हळूच ओढायचं, तेव्हा बोटांना जी ओढ लागायची, साधारण तेवढी. अडत नाही, पण आहे हे कळतं. मग चेक नट आवळायचा. आवळताना नट स्क्रूला केसभर ओढून घेतो, म्हणून आवळून झाल्यावर पातं पुन्हा घालून बघायचं. मामा आधीच त्या केसाइतकी जागा सोडत होते. आठांपैकी सहा पहिल्याच खेपेला बसले. या हाताला मी दाद दिली ती मनातच, कारण मधे बोललेलं त्यांना चालत नाही.

आजच्या बहुतेक गाड्यांत यातलं फारसं काही करावं लागत नाही. हायड्रॉलिक टॅपेट ऑइलच्या दाबानं आपली फट आपणच भरून काढतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी दोन-तीन सेकंद टिकटिकली आणि गप्प झाली तर ते नैसर्गिक आहे, गप्प झालीच नाही तर आधी ऑइलची पातळी आणि दाब तपासावा. इंजेक्टरही टिकटिकतात, ते त्यांचं रोजचं बोलणं आहे. पण कान लावायचा क्रम तोच राहतो. आधी कधी, मग कसला, मग कुठे.

इंजिन चालू केलं. तीन नंबरचा तो एकटा, टोकदार टोला नव्हता. कव्हर बसवायच्या आधी मी आठही रॉकरांवर वाकून ऐकलं. टिकटिक होती. एकसारखी, बारीक, आठ जणांची मिळून. मला वाटलं मामा अजून आवळतील. त्यांनी गॅस्केटला बोट फिरवून ऑइल लावलं आणि कव्हरचे नट कसायला घेतले.

“गरम झाल्याबिगर कळत न्हाई,” म्हणून ट्रायलला निघालो, पन्हाळ्याच्या रस्त्याला. मामा शेजारी बसले होते, हातात अजून पुसण्याचं फडकं. वाघबीळाच्या चढाला इंजिन पुरतं तापलं होतं. एका बाजूला दगडी भिंत आली तशी त्यांनी काच खाली करायला सांगितली आणि गाडी भिंतीच्या जवळून न्यायला लावली. भिंत इंजिनाचा आवाज सरळ कानावर परत फेकते. गाडी दुसऱ्या गिअरला चढत होती. भिंतीवरून टिकटिक येत होती, उसवलेली नाही, कुठे अडखळणारी नाही, कापड शिवत जावं तशी सरळ.

“अजून थोडी येतीय, मामा.”

मामांनी मान खिडकीकडे झुकवली, भिंत संपेपर्यंत ऐकलं.

“तेवढी ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले, आणि काच वर केली.